केळीच्या पानाचा अंधुक उजेड: कॅमेऱ्याच्या आकड्यांचे फोटॉन कसे करायचे

जळगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांची पानं अंधाऱ्या पेटीत ठेवून, उणे ८० अंशांपर्यंत थंड होणाऱ्या सीसीडी कॅमेऱ्याने ३० मिनिटांचं एक्स्पोजर घेतलं. लेन्स ५० मिमी, एफ १.४. बिनिंग ८×८, म्हणजे ६४ पिक्सेल जोडून एक घर. पान पेटीत ठेवल्यावर दहा मिनिटांनी शटर उघडलं. शून्य सेकंदाच्या फ्रेमची सरासरी ५००, पानाबाहेरच्या काळ्या कापडाची ६१२ आणि पानाची ६२०. हे ८ आकडे म्हणजे पानाचा उजेड धरायचा का, त्याचे फोटॉन किती, आणि सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) लागलेलं रोप यावरून ओळखता येईल का?

आधी त्या ८ आकड्यांचाच हिशेब करू.

कॅमेरा देतो ते ना फोटॉन असतात ना इलेक्ट्रॉन, ती नुसती मोजणी असते. एका मोजणीमागे किती इलेक्ट्रॉन, म्हणजे गेन, हे आपल्या हाताने काढावं. कॅमेऱ्यासोबतच्या कागदावरचा आकडा दुसऱ्याच गेन सेटिंगचा असतो, असं बऱ्याचदा निघतं. एकसारख्या प्रकाशित पांढऱ्या पृष्ठभागाच्या दोन फ्रेम घ्या, एक्स्पोजर तेच ठेवा. दोन्हींतून शून्य-फ्रेम वजा करून सरासरी काढा. मग एकीतून दुसरी वजा करा आणि मधल्या भागातल्या फरकाचं व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) काढून निम्मं करा. समजा सरासरी १२,००० आली आणि फरकाचं व्हेरिअन्स २०,०००. निम्मं १०,०००, म्हणजे गेन १२,००० भागिले १०,०००, म्हणजे मोजणीमागे १.२ इलेक्ट्रॉन. दोन फ्रेमची वजाबाकी करायची ती यासाठी, की एकाच फ्रेमचं व्हेरिअन्स घेतलं तर लेन्सच्या कडेची काळोखी आणि सेन्सरवरची धूळही नॉइज म्हणून मोजली जाते. हे चार-पाच वेगवेगळ्या उजेडांवर करून सरळ रेघ येते का ते पाहा. वरच्या टोकाला रेघ वाकली तर तिथे सेन्सर भरत आला आहे असं समजा.

पुढे गेन १.२ च धरतो, तुमचा काढलात की तो घाला. ८ मोजण्या म्हणजे ९.६ इलेक्ट्रॉन, अर्ध्या तासात, एका ८×८ घरात.

आता लेन्स. पान सगळ्या दिशांना उजेड सांडतं, लेन्सच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. सपाट, विसरित पृष्ठभागासाठी सेन्सरवर पडणारा भाग काढायचा तर लेन्सची पारगम्यता भागिले चार गुणिले एफ-अंकाचा वर्ग गुणिले (१ + मोठेपणा) चा वर्ग. प्रतिमा मूळ पानाच्या एक-पंचमांश आकाराची ठेवली तर मोठेपणा ०.२. पारगम्यता ०.८५ धरली तर ०.८५ भागिले ११.३, म्हणजे ०.०७५. पान दर सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरमधून १०० फोटॉन सोडत असेल तर सेन्सरच्या चौरस सेंटिमीटरवर साडेसात पोचतात. पिक्सेल १३ मायक्रॉनचा असला तर ८×८ घराला अर्ध्या तासात १.४७ फोटॉन मिळतात आणि ०.९ च्या क्वांटम एफिशिअन्सीने (एका फोटॉनमागे मिळणारे इलेक्ट्रॉन) १.३२ इलेक्ट्रॉन. तुमचे ९.६ इलेक्ट्रॉन या हिशेबाने सुमारे ७३० फोटॉन प्रति सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर होतात.

आकडा अशक्य नाही, पण त्याचा अर्थ तुम्ही लावला तो नाही. जिवंत पेशींचा स्वतःचा, ऑक्सिडेशनमधून येणारा उजेड साधारण दहा ते हजार फोटॉनच्या पट्ट्यात असतो. फक्त तुम्ही पान दहाच मिनिटं अंधारात ठेवलं होतं. उजेडातून आलेलं हिरवं पान बराच वेळ लाल उजेड परत सोडत राहतं. प्रकाशसंश्लेषणात साठलेली ऊर्जा उलट्या वाटेने क्लोरोफिलकडे येते आणि ६८० ते ७४० नॅनोमीटरच्या आसपास बाहेर पडते. स्ट्रेलर आणि अरनॉल्ड यांनी १९५१ मध्ये हा विलंबित उजेड दाखवला. तो आधी झपाट्याने उतरतो, मग रेंगाळतो, आणि ही शेपटी तासभर सहज टिकते. तुमच्या ७३० मधला मोठा वाटा बहुधा तिचाच आहे. पानाला किमान दोन तास अंधार द्या, रात्रभर दिला तर उत्तम. आणि पान लावल्यावर पेटी उघडायचीच नाही. मंद हिरवा दिवा चालतो असं सांगणारे भेटतात. या कामात तो चालत नाही, क्लोरोफिल हिरवाही थोडा घेतंच.

दुसरी गोष्ट मला त्या ८ पेक्षा जास्त खटकते. काळं कापड ६१२ का? शून्य-फ्रेम ५००. डार्क करंट, म्हणजे अंधारातही उष्णतेने साठणारे इलेक्ट्रॉन, उणे ८० ला पिक्सेलमागे सेकंदाला ०.००१ इलेक्ट्रॉन धरला, तर ६४ पिक्सेल गुणिले १,८०० सेकंद म्हणजे ११५ इलेक्ट्रॉन, ९६ मोजण्या. बेरीज ५९६ यायला हवी. वरचे १६ कुठून आले? पानाच्या सिग्नलच्या दुप्पट उजेड, किंवा उष्णता, हिशेबाबाहेर आहे. लेन्सवर धातूचं झाकण घालून तेच एक्स्पोजर पुन्हा घ्या. ६१२ च राहिलं तर कॅमेऱ्यात दोष आहे: चिप दीड अंशाने जरी गरम असली तरी एवढा फरक पडतो, कारण डार्क करंट साधारण सहा-सात अंशांना दुप्पट होतो. ५९६ वर उतरलं तर पेटीत उजेड आहे.

पेटीतला उजेड दोन प्रकारचा असतो, बाहेरून शिरणारा आणि आतल्या वस्तूंचाच. पहिला शोधायला पेटी रिकामी ठेवून खोलीत ट्यूबलाइट चालू असताना एक आणि बंद असताना एक अशी पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजरं घ्या. मग मोबाइलचा टॉर्च एकेका सांध्यावर धरून घ्या. दाराची खाच, बिजागरी आणि वायरींचं भोक या तीन जागी गळती सापडते. वायरी सरळ भोकातून आत न नेता दोनदा वळणाऱ्या नळीतून न्या. काळ्या रंगावर विश्वास ठेवू नका. काही काळं प्लास्टिक आणि पुष्कळसं काळं कापड डोळ्याला काळं दिसतं, पण ७०० नॅनोमीटरच्या पुढे चक्क पारदर्शक असतं, आणि पानाचा उजेड नेमका तिकडेच आहे. इन्सुलेशन टेपचा एक थर पुरत नाही. ॲल्युमिनियम फॉइल लावून वर टेप मारा.

आतल्या वस्तूंचं काय? पांढरा कागद, मास्किंग टेप, धुलाई पावडरीत धुतलेला ॲप्रन, पांढरी मायक्रोप्लेट हे सगळं ट्यूबखाली उजेड खाऊन अंधारात मिनिटभर ते तासभर चमकतं. पेटीत घालायची प्रत्येक वस्तू आधी एकटी ठेवून तिचं एक्स्पोजर घ्या. पान दाबायला काच नको, बऱ्याच काचा स्वतःच अंधुक चमकतात. काळ्या ॲनोडाइज्ड पट्टीच्या चौकटीत पान धरा. आणि पेटीतल्या तापमापकाचा तो लाल ठिपका? तो रात्रभर हजारो पानांचं काम एकटा करतो. काढून टाका.

हा सिग्नल नॉइजच्या पुढे किती उभा राहतो, ते २×२ सेंमीच्या पानाच्या तुकड्यावर बघू. उजेड १०० फोटॉनचाच धरू. तो तुकडा सेन्सरवर सुमारे १,४८० घरं व्यापतो, म्हणजे अर्ध्या तासात एकूण १,९५० इलेक्ट्रॉन. त्याच जागेतला डार्क करंट १,७०,००० इलेक्ट्रॉन. रीड नॉइज, म्हणजे वाचताना कॅमेराच घालतो तो नॉइज, ४ इलेक्ट्रॉनचा असेल तर प्रत्येक घरामागे प्रत्येक वाचनाला १६ चं व्हेरिअन्स. अर्ध्या तासाचं एकच एक्स्पोजर घेतलं तर एकूण व्हेरिअन्स १,९६,०००, वर्गमूळ ४४३, सिग्नल नॉइजच्या ४.४ पट. घर-घर बघितलं तर काहीच दिसणार नाही. अख्ख्या तुकड्याची बेरीज केली तरच दिसेल. सुंदर रंगीत चित्राची आशा असेल तर ती १०० फोटॉनवर सोडा.

एकच लांब एक्स्पोजर हिशेबात बरं दिसतं, पण वैश्विक किरणं ते बिघडवतात. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन (या किरणांतून येणारा कण) पडतो. १३.३ मिमीची चौकोनी चिप म्हणजे १.७७ चौ. सेंमी, अर्ध्या तासात पन्नासेक ठिपके, आणि एकेका ठिपक्यात शेकडो-हजारो इलेक्ट्रॉन. पानाच्या जागी असे दोन ठिपके पडले की १,९५० ची बेरीज मातीमोल. म्हणून तुकडे करायचे. सहा तुकडे केले तर रीड नॉइज सहादा भरावा लागतो आणि ४.४ चे ३.५ होतात. दहा-दहा मिनिटांचे तीन केले तर ४ वर राहतो. तीनच बरे. ठिपके काढायला फ्रेमांचा सरळ मध्यक घेऊ नका, त्याने नॉइज वाढतो. ज्या घराची किंमत उरलेल्या दोन फ्रेमांपेक्षा पाच सिग्मा (प्रमाण विचलन) वर आहे तेवढंच घर टाका आणि बाकीची सरासरी घ्या.

यातून रिकाम्या पेटीची फ्रेम वजा करायची आहे, आणि तिलाही तेवढाच नॉइज आहे. एकच रिकामी फ्रेम वापरलीत तर ४ चे २.८ होतात. चार रिकाम्या संचांची सरासरी वापरलीत तर ३.६. रात्रीतला निम्मा वेळ पानाविना जातो म्हणून विद्यार्थी कुरकुरतात, पण ती निम्मी रात्रच बाकीच्या निम्म्या रात्रीला अर्थ देते. वेगवेगळ्या रात्रींचे मिळून निदान दहा रिकामे संच जमले की त्यांच्या सरासरीवर तीन प्रमाण विचलन हा तुमचा दिसण्याचा उंबरठा. त्याखालचं काहीही पानाच्या नावावर मांडू नका.

आकडा सुधारायला बहुतेक जण आधी नवा कॅमेरा मागतात. मी लेन्स मागेन. एफ ०.९५ ची लेन्स मिळाली तर उजेड २.१७ पट आणि ४ चे थेट ८ च्या वर. दुसरा फुकटचा उपाय १६×१६ बिनिंग, सीसीडीत चिपवरच बेरीज होत असल्याने रीड नॉइज चारऐवजी एकदाच लागतो. सीमॉस या दुसऱ्या जातीच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात हा फायदा मिळत नाही, तिथे वाचून झाल्यावर बेरीज होते. ईएमसीसीडीच्या, म्हणजे वाचण्याआधी इलेक्ट्रॉन गुणून वाढवणाऱ्या सीसीडीच्या, मोहात लांब एक्स्पोजरसाठी पडू नका. त्याचा गुणक रीड नॉइज पुसतो खरा, पण गुणाकार स्वतःच नॉइज १.४ पट करतो, आणि तुमचा शत्रू डार्क करंट आहे. तो गुणून मोठाच होतो. लेन्स तुमचीच ठेवणार असाल तर ती अनंतावर लावून मागे १० मिमीची एक्स्टेन्शन रिंग घाला, मोठेपणा ०.२ मिळतो. लेन्सपासून पान सुमारे ३० सेंमीवर येईल. फोकस उजेडात छापील कागदावर करून रिंगला टेप मारा. एफ १.४ ला फोकसची खोली फार थोडी असते आणि केळीचं पान शिरेपाशी वाकतं, म्हणून चौकट हवीच.

आता वर लेन्सच्या सूत्रातून आलेले ७३०. ती कागदावरची किंमत आहे. खरं कॅलिब्रेशन म्हणजे पानाच्या जागी माहीत असलेला अंधुक उजेड ठेवून कॅमेऱ्याला विचारणं. ६६० नॅनोमीटरचा एलईडी, त्याच्यापुढे आतून पांढऱ्या टेफ्लॉनची पोकळी, तोंडाला दुधी काच आणि ५ मिमी व्यासाचं अचूक भोक. विद्युतप्रवाह स्थिर ठेवा आणि अर्धा तास तापू द्या. उजेड कमी करायला प्रवाह कमी करू नका, एलईडीची तरंगलांबी सरकते. भोकापासून १०० मिमीवर १ चौ. सेंमीचा कॅलिब्रेटेड सिलिकॉन फोटोडायोड ठेवून पिकोअँमीटरने प्रवाह मोजा. ४५ पिकोअँपिअर आले आणि प्रमाणपत्रात त्या तरंगलांबीला ०.४५ अँपिअर प्रति वॅट असेल, तर १०० पिकोवॅट. ६६० च्या एका फोटॉनची ऊर्जा ३.०१×१०⁻¹⁹ ज्यूल, म्हणजे डायोडवर सेकंदाला ३.३×१०⁸ फोटॉन. भोकाचं क्षेत्र ०.१९६ चौ. सेंमी. पाय (π) गुणिले फोटॉन गुणिले अंतराचा वर्ग भागिले दोन्ही क्षेत्रांचा गुणाकार केला की भोकाच्या पृष्ठभागाचा उजेड ५.३×१०¹¹ फोटॉन प्रति सेकंद प्रति चौ. सेंमी येतो. तो पानाच्या पातळीला आणायला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (सगळे रंग सारखेच कमी करणारे) लागतात. दोन ३ चे म्हणजे दहा लाखांश, उरतात ५.३×१०⁵. कॅमेरा त्यावर ३० सेकंदांत नीट वाचेल. मग १ चा फिल्टर घालून पुन्हा वाचा आणि उत्तर त्या प्रमाणात उतरतं का बघा.

फिल्टरवर '३' लिहिलेलं असतं म्हणून तो हजारांश सोडतो असं नाही. प्रत्येक फिल्टर त्याच एलईडीवर, त्याच डायोडने एकेकटा मोजा. दोन एकत्र लावताना थोडे तिरके ठेवा, नाहीतर मधल्या मध्ये परावर्तन होऊन जास्त उजेड सुटतो. जिलेटीनचे स्वस्त फिल्टर ७०० च्या पुढे उघडे पडतात. धातूच्या थराचे घ्या. डायोड ५ टक्के, फिल्टर ५, भोक २, अंतर १: वर्गांची बेरीज करून वर्गमूळ साडेसात टक्के. इतकं छान आहे. पण पानाचा उजेड ६६० च्या एकाच रेघेत नसतो, आणि लेन्स व सेन्सर ५०० नॅनोमीटरला वेगळे, ७३० ला वेगळे वागतात. म्हणून शेवटच्या आकड्यावर २० ते ३० टक्के अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहा, किंवा ५२० आणि ७३० चे एलईडी घेऊन तेच पुन्हा करा.

ल्युमिनॉलचं (ऑक्सिडेशन होताना उजेड देणारं रसायन) द्रावण प्रमाण म्हणून वापरायचा जुना मार्ग आहे. पाण्यात त्याची क्वांटम यील्ड, म्हणजे जळलेल्या रेणूमागे मिळणारे फोटॉन, सुमारे १.२ टक्के धरतात, म्हणजे एक पिकोमोल पूर्ण जळाला तर सुमारे ७.२ अब्ज फोटॉन. पण त्याचा उजेड ४२५ नॅनोमीटरला. ल्युमिनॉल निळ्यासाठी ठीक, पानाच्या लालसाठी त्याची साक्ष चालत नाही. प्रयोगशाळेत ल्युसिफरेज (उजेड निर्माण करणारं विकर) घातलेल्या पेशी असतील तर काम बरंच सोपं आहे, उजेड कित्येक पटींनी जास्त मिळतो. तिथे दोन गोष्टी जपा: माध्यमात फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) नको, आणि तापमान ठरावीक ठेवा. काजव्याच्या ल्युसिफरेजचा उजेड २५ अंशांना ५६० च्या आसपास असतो आणि ३७ ला ६१० कडे सरकतो, म्हणजे तुमचा कॅलिब्रेशनचा गुणांकही बदलतो.

खान्देशातल्या हवेचा हिशेब वेगळा धरावाच लागतो. थर्मोइलेक्ट्रिक कूलर खोलीच्या तापमानापासून ठरावीक अंश खाली जातो. एसी बंद पडला आणि मे महिन्यात खोली ४२ वर गेली, तर २२ ला उणे ८० गाठणारी चिप उणे ६० च्या आसपास अडकते आणि डार्क करंट आठ-नऊ पट होतो. प्रत्येक फ्रेमसोबत चिपचं तापमान नोंदवा, अर्ध्या अंशाने जरी सरकलं तरी ती फ्रेम बाद. पावसाळ्यात उलट त्रास: कॅमेऱ्याला थंड पाणी फिरवत असाल तर ते दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवा, नाहीतर खिडकीवर बाष्प धरतं आणि चित्राभोवती धुकट वलय येतं. शेतीपंपांच्या फीडरजवळ असाल तर पंप सुरू होताना व्होल्टेज बसतं. कॅमेरा, संगणक आणि पेटीचा तापनियंत्रक ऑनलाइन यूपीएसवर ठेवा. पानाचं तापमान २५ अंश, अर्ध्या अंशाच्या आत. उजेड तापमानाबरोबर वाढतो आणि गरम पान आजारी पानासारखं दिसतं.

पान कापू नका. कुंडीसकट रोप पेटीत घ्या, कुंडी काळ्या फॉइलने झाका आणि एकच पान चौकटीत धरा. कापावंच लागलं तर काप पाहा: चीक सुटतो आणि काही वेळात तपकिरी, मग काळा पडतो. हे ऑक्सिडेशनच आहे, त्याचा उजेड कडेला उजळ पट्टी म्हणून येतो. कडेची ५ मिमी पट्टी बेरजेतून वगळा. दिसतंय ते खरंच ऑक्सिडेशन आहे का, हे बघायला पेटीत सावकाश नायट्रोजन सोडा. ऑक्सिजन संपत गेला की पानाचा उजेड उतरला पाहिजे आणि हवा परत आली की वर आला पाहिजे. उतरला नाही तर तुम्ही पान सोडून दुसरंच काही मोजत आहात. उकळलेलं पान 'मेलेला नमुना' म्हणून ठेवण्याची पद्धत फसवी आहे. पेशी मेल्या तरी चरबीचं ऑक्सिडेशन चालू राहतं.

राहिला सीएमव्ही. विषाणू, थंडी, झळ, ओरखडा, पाण्याचा ताण या सगळ्यांनी पेशींतलं ऑक्सिडेशन वाढतं आणि उजेडही. रावेर-यावलकडे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली की निरोगी बागही ताणात असते. तेव्हा उजेड वाढला म्हणजे सीएमव्ही, असं म्हणता येणार नाही. फरक आहे का, इतकंच विचारता येईल. त्यासाठी एकाच बॅचची, एकाच शेडनेटमधली, एकाच वयाची रोपं घ्या, तपासणीने लागण पक्की झालेली आणि नसलेली, दोन्हींची संख्या सारखी. प्रत्येक रात्री एक जोडी. कोणतं आधी मोजायचं ते नाणेफेकीने ठरवा, कारण दुसरं पान अंधारात जास्त वेळ बसलेलं असतं. रोप हा एक नमुना, १,४८० घरं म्हणजे १,४८० नमुने नव्हेत. बारा जोड्यांच्या खाली निष्कर्ष लिहू नका. आणि पहिली जोडी लावण्याआधी ते १६ आकडे कुठून येतात ते शोधा: धातूचं झाकण, अर्धा तास, आज रात्रीच.